औषधाच्या खोक्यावरची तारीख तपासणारा कॅमेरा: तो कसा बसवतात आणि सुरक्षितपणे कसा चालवतात?

औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांच्या खोक्यावर हल्ली अनेकदा एक छोटा चौकोनी क्यूआर कोड दिसतो. केंद्र सरकारने ३०० औषध ब्रँडसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून असा कोड सक्तीचा केला. मोबाइलने तो स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती मिळते.

पण कोड नीट छापला गेलाय का, तारखेतला एखादा आकडा अर्धवट तर उमटला नाही ना, हे कारखान्यात कोण बघतं? मिनिटाला १५० खोकी पट्ट्यावरून पुढे जात असतील तर एका खोक्याच्या वाट्याला जेमतेम ०.४ सेकंद येतो. आठ तासांच्या शिफ्टमध्ये माणसाने इतक्या वेगात प्रत्येक तारीख वाचत बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी हे काम पट्ट्याच्या वर लटकवलेला एक लहानसा औद्योगिक कॅमेरा करतो.

हा कॅमेरा महागडा घेतला म्हणजे काम झालं, असा समज बाहेरच नाही, तर कारखान्यांतही असतो. प्रत्यक्षात निकाल चांगला येणार की नाही, हे कॅमेऱ्यापेक्षा त्याच्याभोवतीची मांडणी ठरवते. आणि कॅमेऱ्याजवळ काम करणाऱ्या माणसाचे हात, डोळे सुरक्षित राहणार की नाही, हेसुद्धा.

हा कॅमेरा सीसीटीव्हीपेक्षा वेगळा कसा?

दिसायला अगदी साधा. अनेक मॉडेल साधारण ३ सेंटीमीटर बाजूच्या धातूच्या ठोकळ्याएवढी असतात. स्क्रीन नाही, बटण नाही, लेन्ससुद्धा वेगळी विकत घेऊन बसवायची. मोबाइल आपणहून फोकस करतो, उजेड कमी-जास्त झाला तर सांभाळून घेतो, फोटो सुंदर दिसावा म्हणून रंगही बदलतो. कारखान्यात यातलं काहीच नको असतं. सकाळी ९ वाजता काढलेला आणि रात्री ३ वाजता काढलेला फोटो अगदी एकसारखा यायला हवा, तरच संगणक त्यांची तुलना करू शकतो. त्यामुळे इथे फोकस, एक्स्पोजर, गेन असं सगळं माणसाने एकदा ठरवायचं आणि तिथेच पक्कं करून ठेवायचं.

दुसरा फरक शटरचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चित्र सहसा एकेक ओळ करत वाचलं जातं. याला रोलिंग शटर म्हणतात. धावत्या गाडीतून मोबाइलवर शूट केलेले विजेचे खांब तिरके दिसतात ते याचमुळे. पट्ट्यावरून पळणाऱ्या खोक्याचंही तसंच तिरकं चित्र येईल. म्हणून हलत्या वस्तूंसाठी ग्लोबल शटरचा कॅमेरा घेतात, ज्यात सगळे पिक्सेल एकाच क्षणी उजेड टिपतात.

तिसरा फरक ट्रिगरचा. हा कॅमेरा सतत व्हिडिओ काढत बसेलच असं नाही. पट्ट्याच्या बाजूला एक सेन्सर असतो. खोकं त्याच्यासमोर आलं की कॅमेऱ्याला विजेचा एक इशारा जातो आणि तो एकच फोटो काढतो.

या सगळ्याचं मूळ १९६९ सालात आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा चित्र टिपणारा सेन्सर शोधला आणि त्यासाठी त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. आता सीसीडीची जागा बहुतांश सीमॉस सेन्सरनी घेतली आहे.

खरेदीआधीचं गणित

किती मेगापिक्सेल हवेत, हा पहिला प्रश्न नसतो. सगळ्यात बारीक कोणती गोष्ट दिसायला हवी, हा असतो.

समजा, १०० मिलिमीटर रुंदीचा भाग एका फोटोत बसवायचाय. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आडव्या रांगेत २४४८ पिक्सेल आहेत. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण ०.०४ मिलिमीटर आलं. तारखेतल्या अक्षराची रेघ ०.२ मिलिमीटर जाड असेल तर ती ५ पिक्सेलमध्ये पसरेल. हे पुरेसं आहे. पण रेघ एकाच पिक्सेलची उरत असेल तर सॉफ्टवेअरला ती रेघ आहे की धूळ, हे कळणार नाही. शोधायची गोष्ट किमान तीन-चार पिक्सेल रुंद दिसावी, असा धोपटमार्ग त्यामुळेच पडलाय.

लेन्सचं गणितही तितकंच सोपं आहे. खोक्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर ३०० मिलिमीटर, सेन्सरची रुंदी साधारण ८.४ मिलिमीटर आणि दिसायला हवा असलेला भाग १०० मिलिमीटर. ३०० ला ८.४ ने गुणून १०० ने भागलं की २५ च्या आसपास उत्तर येतं, म्हणजे २५ मिलिमीटरची लेन्स. हा अंदाज आहे, पण दुकानात फोन करण्यापुरता तो पुरतो.

लेन्स बसवताना एक गोष्ट मात्र वेळ खाते. औद्योगिक लेन्सचा सर्वात प्रचलित आटा सी-माउंट. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा आटा सीएस-माउंट. दोन्हींचा व्यास आणि आटे सारखेच, त्यामुळे लेन्स आरामात फिरून बसते. पण लेन्सची बैठक आणि सेन्सर यांतलं अंतर सी-माउंटमध्ये १७.५२६ मिलिमीटर असतं, सीएसमध्ये १२.५२६. जोडी चुकली की चित्रावर नीट फोकस होत नाही आणि मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. सी-माउंटची लेन्स सीएस कॅमेऱ्यावर लावायची असेल तर मध्ये ५ मिलिमीटरची रिंग घालावी लागते. उलट जोडी, म्हणजे सीएसची लेन्स सी-माउंटच्या कॅमेऱ्यावर, जमतच नाही.

खरा खेळ उजेडाचा

या कामात मुरलेली माणसं नव्या जागी गेली की आधी दिव्याकडे बघतात. त्याला कारण आहे. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी फोटोत जे आलंच नाही, ते त्याला शोधता येत नाही.

औषधाच्या खोक्यावर चकचकीत वार्निश असतं. कॅमेऱ्याच्या शेजारी दिवा लावून तो सरळ खाली सोडला तर उजेड आरशासारखा परत येतो आणि फोटोत एक पांढराशुभ्र डाग पडतो. तो नेमका बॅच नंबरवर पडला की अक्षरं गायब. उपाय बहुतेक वेळा फुकटचा असतो. दिवा थोडा बाजूला सरकवून तिरपा करायचा, म्हणजे परत येणारी चमक कॅमेऱ्याला चुकवून भलतीकडे जाते.

खोक्याऐवजी गोळ्यांची ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर दुखणं वाढतं. फॉइल म्हणजे चुरगळलेला आरसाच. दिवा कुठेही ठेवला तरी कुठली ना कुठली सुरकुती चमकते. इथे घुमटासारखा दिवा वापरतात. आतून पांढरा रंग दिलेली अर्धगोल वाटी, तिच्या कडेला आतल्या बाजूने एलईडी आणि वर मधोमध कॅमेऱ्यासाठी भोक. उजेड आधी घुमटावर आपटतो आणि मग सगळीकडून सारखा खाली येतो. ढगाळ दिवशी सावल्या पडत नाहीत, तसंच काहीसं.

काही ठिकाणी मात्र सावलीच हवी असते. बॅच नंबर शाईने न छापता ठसा दाबून उमटवलेला असेल तर त्याला रंगच नसतो. भर दुपारी रस्त्यावरचे बारीक खड्डे दिसत नाहीत, पण सूर्य कलला की प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. इथेही दिवा अगदी जमिनीलगत, आडवा ठेवला की दाबलेल्या अक्षरांच्या कडा उजळतात आणि नंबर वाचता येतो. बाटलीत औषध किती भरलंय हे बघायचं असेल तर दिवा चक्क बाटलीच्या मागे ठेवतात. मग पातळी आणि झाकणाची बाह्यरेषा काळ्या-पांढऱ्या चित्रासारखी उठून दिसते.

रंगाचाही उपयोग होतो आणि तो फार मजेशीर आहे. तपासणीसाठी बऱ्याचदा कृष्णधवल कॅमेराच घेतात. त्याच्यासमोर लाल दिवा लावला तर लाल शाई पांढऱ्या कागदात विरून जाते. कारण लाल उजेडात दोन्ही सारखेच उजळ दिसतात. खोक्यावर लाल नक्षी असेल आणि तिच्यावर काळ्या शाईत तारीख छापली असेल तर लाल दिव्याने नक्षी नाहीशी होते, तारीख तेवढी उरते. पण तारीखच लाल शाईत असेल तर हाच दिवा घात करतो. तिथे हिरवा किंवा निळा लावायचा, मग लाल अक्षरं काळी दिसतात.

एवढं सगळं जमवलं आणि शेजारची खिडकी उघडी राहिली तर? दुपारी साडेचारला उन्हाची तिरीप पट्ट्यावर येते आणि चांगली खोकी धडाधड बाद व्हायला लागतात. छतावरच्या जुन्या ट्यूबलाइटही त्रास देतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अशा ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला तो कळत नाही, पण सेकंदाच्या काही हजाराव्या भागात फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला कळतो आणि एक फोटो उजळ, दुसरा मंद येतो. म्हणून कॅमेरा आणि दिवा मिळून एखाद्या डब्यात झाकलेले बरे. नुसत्या काळ्या पत्र्याच्या आडोशानेही निम्म्या तक्रारी संपतात.

वायर जोडताना

कारखान्यातल्या पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा डीसी पुरवठा सर्रास असतो. काही कॅमेरे १२ ते २४ व्होल्ट दोन्ही सोसतात, काही फक्त १२. लेबल न वाचता जोडणी केली तर कॅमेरा पहिल्याच मिनिटाला जळू शकतो. अनेक कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते. या पद्धतीच्या सर्वात जुन्या प्रमाणित प्रकारात एका पोर्टवरून जास्तीत जास्त १५.४ वॅट सोडता येतात. प्रमाणित स्विच आधी समोरचं उपकरण वीज घेणारं आहे का, हे चाचपतो आणि मगच वीज सोडतो. स्वस्तातले काही इंजेक्टर चाचपणी न करता थेट वीज सोडतात. तिथे चार पैसे वाचवू नयेत.

केबल किती लांब जाणार, यावर कॅमेऱ्याचा प्रकार ठरतो. गिगाबिट इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. यूएसबी ३ ची साधी केबल तीन ते पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. पण इथरनेटलाही मर्यादा आहेच. ५० लाख पिक्सेलचा एक कृष्णधवल फोटो म्हणजे साधारण ५ मेगाबाइट. सेकंदाला २४ फोटो काढले तर १२० मेगाबाइट झाले आणि वाहिनीची क्षमता १२५. म्हणजे एका कॅमेऱ्यानेच रस्ता भरला. त्याच पोर्टवर दुसरा कॅमेरा जोडला की चित्रं अर्धवट येऊ लागतात. आपल्या उदाहरणात सेकंदाला अडीचच फोटो लागतात, त्यामुळे इथे काळजी नाही.

कॅमेऱ्याची केबल मोटरच्या जाड केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नये. मोटर सुरू-बंद होताना उठणारा विजेचा गोंगाट कॅमेऱ्याच्या तारेत शिरतो आणि कधी खोटे ट्रिगर येतात, कधी फोटो गळतात. असा दोष शोधताना आठवडा जातो, कारण तो अधूनमधूनच दिसतो.

कॅमेरा घट्ट, जाड धातूच्या पट्टीवर बसवायचा. ही पट्टी दोन कामं करते. एक, यंत्राच्या थरथरीने कॅमेरा हलत नाही. दोन, त्याची उष्णता शोषून घेते. अनेक कॅमेऱ्यांच्या बाहेरच्या आवरणाचं तापमान ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ नये, असं उत्पादक लिहितात. सेन्सर तापला की काळ्या भागातही पांढरे ठिपके दिसू लागतात. प्लास्टिकच्या पट्टीवर, बंद डब्यात, मे महिन्यात कॅमेरा बसवला तर हे ठिपके छपाईतले डाग समजून खोकी बाद होऊ शकतात.

पहिला नीट फोटो

आता पट्टा थांबवून एक खोकं समोर ठेवायचं आणि फोकस करायचा. फोकस करताना लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवावं. त्या वेळी फोकसची खोली सर्वात कमी असते, त्यामुळे थोडीशी चूकही लगेच दिसते. फोकस जमला की छिद्र लहान करायचं, म्हणजे खोकं दोन-चार मिलिमीटर वर-खाली झालं तरी अक्षरं स्पष्ट राहतील. छिद्र एफ ४ वरून एफ ८ वर नेलं की उजेड एक चतुर्थांश उरतो. त्याची भरपाई दिव्याने करायची, गेन वाढवून नाही. गेन वाढवला की चित्र उजळतं, पण त्यात रवाही वाढतो.

मग एक्स्पोजर. पट्टा मिनिटाला ३० मीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर पळतोय. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढं उघडं राहिलं तर तेवढ्या वेळात खोकं ५ मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. तारीख म्हणजे नुसता राखाडी पट्टा. खोकं एका पिक्सेलपेक्षा, म्हणजे ०.०४ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकू नये असं वाटत असेल तर शटर सेकंदाच्या साडेबारा हजाराव्या भागापुरतंच उघडावं लागेल. इतक्या कमी वेळात पुरेसा उजेड मिळावा म्हणून एलईडीला क्षणभरच, पण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट देऊन लखलखवतात. हाच स्ट्रोब. त्याचा क्षण लांबला तर एलईडी जळतात, म्हणून कंट्रोलरमधली मर्यादा आधी लावायची आणि मग दिवा चालू करायचा.

माणसाचे हात आणि डोळे

कॅमेरा बसवणारा माणूस यंत्राच्या पोटात हात घालून काम करतो. फोकस बघायला पट्टा सुरू ठेवावा लागतो, असं सांगत चालू यंत्रावर वाकलेली माणसं अनेक ठिकाणी दिसतील. हे टाळता येतं. फोकस थांबलेल्या खोक्यावर होतो आणि एक्स्पोजर लांबून, संगणकावरून बदलता येतं. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण हवं, असं सांगितलं होतं. कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळ जाणं अपरिहार्यच असेल तर ते काम खास प्रशिक्षित व्यक्तीने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावं, अशी अट होती. सैल बाही, गळ्यातलं ओळखपत्र आणि खाली लोंबणारी लॅपटॉपची वायर या तिन्ही गोष्टी फिरत्या रोलरला सारख्याच.

यंत्र नुसतं स्विचने बंद करून भागत नाही. मेन स्विचला कुलूप लावून चावी काम करणाऱ्याच्या खिशात असावी आणि कुलपावर त्याच्या नावाचा टॅग. खराब खोकं बाजूला ढकलणारा इजेक्टर बहुधा हवेच्या दाबावर चालतो. वीज गेली तरी नळीत दाब शिल्लक असतो आणि कुणीतरी सेन्सरसमोर हात हलवला की दांडा झटक्यात बाहेर येऊ शकतो. म्हणून हवेचा व्हॉल्व्हही बंद करायचा आणि नळीतला दाब सोडून द्यायचा.

स्ट्रोबबद्दल दोन धोके आहेत. काही लोकांना लुकलुकत्या उजेडाने फिट येऊ शकते. सेकंदाला ३ ते ३० वेळा लखलखणारा उजेड त्यांच्यासाठी विशेष त्रासदायक मानला जातो. मिनिटाला ३०० खोकी जाणाऱ्या लाइनवरचा स्ट्रोब सेकंदाला पाच वेळा चमकतो, म्हणजे बरोबर या पट्ट्यात बसतो. दुसरा धोका कमी माहीत आहे. फिरणाऱ्या चाकाचा वेग आणि लखलखाट जुळले तर चाक थांबल्यासारखं दिसतं. यंत्र बंद आहे असं समजून कुणी हात घालू शकतं. दोन्हींवर उपाय तोच, दिवा झाकलेला ठेवायचा. स्ट्रोबचा उजेड बाहेरच्या माणसाला दिसताच कामा नये.

इन्फ्रारेड दिवा त्याहून फसवा. तो डोळ्याला दिसत नाही किंवा मंद लालसर भासतो, त्यामुळे पापणी मिटत नाही. जोरदार इन्फ्रारेड दिव्यात जवळून बघणं टाळावं. काही कॅमेरे वस्तूची उंची मोजायला लेसरची रेघ टाकतात. त्यावर वर्ग लिहिलेला असतो. वर्ग २ चा दृश्य लेसर जास्तीत जास्त १ मिलीवॅटचा. तो डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते, या भरवशावर त्याला तुलनेने सुरक्षित मानतात. वर्ग ३बी मध्ये हा भरवसा उरत नाही, तिथे योग्य चष्मा लागतोच. समोर फॉइल असेल तर परावर्तित रेघ कुठे जाते, हेही बघायला हवं.

आता सर्वात महत्त्वाचा गैरसमज. कॅमेरा बघतोय, माणूस मध्ये आला तर यंत्र थांबेल, असं गृहीत धरून जाळी काढून टाकली जाऊ शकते. तपासणीचा कॅमेरा हे सुरक्षा उपकरण नव्हे. संगणक हँग झाला, केबल सुटली, लेन्सवर धूळ बसली तर तो काहीच करत नाही. माणसाच्या रक्षणासाठी आवरण, त्याच्या दाराचा इंटरलॉक, प्रकाशाचा पडदा अशी वेगळी प्रमाणित उपकरणं असतात, जी स्वतःत बिघाड झाला तर यंत्र बंद करतात. खास सुरक्षेसाठी प्रमाणित केलेले कॅमेरेही असतात, पण ते वेगळे आणि बरेच महाग.

जिथे ज्वलनशील वायू किंवा वाफा असतात, उदाहरणार्थ सॉल्व्हंट हाताळणारा विभाग, तिथे साधा कॅमेरा नेऊच नये. तिथली विद्युत उपकरणं स्फोटरोधक असावी लागतात. त्यांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे.

कॅमेरा गप्प बसला तर?

बऱ्याच लाइनवर जोडणी अशी असते की खोकं खराब असेल तर कॅमेरा इजेक्टरला इशारा देतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण कॅमेराच बंद पडला तर? इशारा येणार नाही आणि सगळीच खोकी, कोरी छापलेलीसुद्धा, चांगली म्हणून पुढे जातील. पट्टा सुरू, दिवे सुरू, कुणाला पत्ता नाही.

म्हणून जोडणी उलटी करावी. कॅमेऱ्याने ‘चांगलं आहे’ असा इशारा दिला तरच खोकं पुढे, नाहीतर बाहेर. फोटो आला नाही, उत्तराला उशीर झाला, केबल तुटली, तरी खोकं बाहेरच. सलग काही खोकी बाद झाली की लाइन आपोआप थांबली पाहिजे. सेन्सरने मोजलेली खोकी, कॅमेऱ्याने काढलेले फोटो आणि बाहेर पडलेल्यांची संख्या यांचा मेळ बसतोय का, हेही तपासत राहावं लागतं. बाद खोक्यांचा डबा कुलूपबंद असावा, म्हणजे कुणी सहज म्हणून त्यातली खोकी परत पट्ट्यावर ठेवणार नाही.

रोजच्या कामात खरा ताण दुसराच असतो. कॅमेरा फार कडक लावला तर चांगली खोकीही बाद होतात, उत्पादन घसरतं आणि सुपरवायझर वैतागतो. मग कुणीतरी मर्यादा थोडी सैल करतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. महिन्याभराने कॅमेरा सगळ्यालाच होकार देऊ लागतो आणि कागदावर मात्र शंभर टक्के तपासणी सुरू असते. दोष ऑपरेटरवर ढकलणं सोपं आहे, पण त्याच्यावर आकड्याचा दबाव टाकून मर्यादेची किल्लीही त्याच्याच हातात ठेवली तर दुसरं काय होणार?

त्यावरचा उपाय म्हणजे ठरावीक नमुने. मुद्दाम खराब केलेली काही खोकी जपून ठेवायची: एकावर तारीख नाही, एकावर आकडा अर्धवट, एकावर कोड फाटलेला, एकावर दुसऱ्याच औषधाचं लेबल. शिफ्ट सुरू होताना, औषध बदललं की आणि कॅमेऱ्याला हात लागला की ती पट्ट्यावरून सोडायची. यातलं एकही खोकं पुढे निसटलं तर लाइन सुरू करायची नाही आणि मागच्या यशस्वी चाचणीपासूनचा माल पुन्हा तपासायचा. नमुन्यांवर ठळक खूण हवी, नाहीतर एखादा नमुनाच पेटीत भरून बाजारात जायचा.

मर्यादा कोणी, कधी, किती बदलली याची नोंद सॉफ्टवेअरने आपोआप ठेवावी. अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी औषधं बनवणाऱ्या कारखान्यांना तर इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलचे तिथल्या औषध प्रशासनाचे १९९७ पासूनचे नियम पाळावेच लागतात. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा. पॅनेलवर चिकटपट्टीने चिकटवलेला, सगळ्यांसाठी एकच पासवर्ड असेल तर त्या नोंदीला काही अर्थ राहत नाही.

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर, कॅमेरा कारखान्याच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवावा, थेट इंटरनेटवर नाही. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरने कंपनीतून आलेले पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्यामार्फत मोठमोठी संकेतस्थळं ठप्प केली होती. ते बहुतांश निगराणीचे कॅमेरे होते, पण पासवर्ड न बदलण्याची सवय सगळीकडे सारखीच.

पावसाळा, धूळ आणि देखभाल

कॅमेऱ्याच्या आवरणावर आयपी ६७ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटांपर्यंत बुडालं तरी पाणी शिरत नाही. बरेच उघडे कॅमेरे मात्र एवढे बंदिस्त नसतात. यंत्र पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं जात असेल तर वेगळं आवरण लागतं. कोकणातल्या पावसाळी हवेत वातानुकूलित खोलीतला कॅमेरा बाहेर आणला की थंड काचेवर दव साचतं. अशा वेळी पुसत बसण्यापेक्षा तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबणं चांगलं.

लेन्स शर्टाच्या टोकाने पुसू नये. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवायची, मग लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन मधून बाहेर हलक्या हाताने पुसायचं. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, तिच्यात तेल आणि पाणी असतं. लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, त्यामुळे टोपण हाताशी ठेवूनच ती काढावी.

फोकस आणि छिद्राच्या रिंगला बारीक स्क्रू असतात. सगळं जमल्यावर ते आवळायचे आणि रिंगवर मार्करने खूण करायची. सेटिंगची फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवायची आणि त्यासोबत दिव्याचं अंतर, कोन आणि एका चांगल्या खोक्याचा फोटोही. एखाद्या रात्री कॅमेरा खरोखर जळतो तेव्हा सुटा कॅमेरा दहा मिनिटांत बसतो. दिवा पूर्वी नेमका कुठे होता हे आठवण्यातच रात्र जाते. नवा कॅमेरा लावला, फाइल चढवली आणि फोटो जुन्यासारखाच दिसला, तरी खराब नमुन्यांची सगळी खोकी पट्ट्यावरून सोडून बघितल्याशिवाय लाइन सुरू करायची नसते.